आहेराची वही

१५ ऑगस्ट १९४७च्या मध्यरात्री देश स्वतंत्र झाला. लोणावळ्यातलं शिवाजी महाराजांच्या नावाचं जहाज मात्र त्यानंतरही जवळजवळ अडीच वर्षं इंग्लंडच्या राजाचंच होतं.

लोणावळ्यात जहाज कसं, हे मुंबईहून आलेला पाहुणा हमखास विचारतो. आमच्याकडे पाऊस भरपूर पडतो, पण इतकाही नाही. तर नौदलाची रीतच अशी, की जमिनीवरच्या तळालाही जहाज म्हणायचं. नाव जहाजाचं, शिस्त जहाजाची, आणि फाटकाबाहेर पडून बाजारात चिक्की आणायला निघालेला खलाशी ‘किनाऱ्यावर’ निघालेला असतो. समुद्रापासून दोन हजार फूट उंचावर, डोंगरांच्या मधोमध नांगर टाकून बसलेलं हे जहाज १५ फेब्रुवारी १९४५ रोजी नौदलात दाखल झालं. नौदलाची इंजिनं सांभाळणारी माणसं इथे तयार होतात. आज त्याला ‘आयएनएस शिवाजी’ म्हणतात. बारशाच्या वेळी मात्र नाव होतं ‘हिज मॅजेस्टीज इंडियन शिप शिवाजी’. म्हणजे जहाज बादशहाचं आणि नाव शिवाजी!

ज्या अधिकाऱ्यानं ही पाटी रंगवून घेतली त्याच्या विनोदबुद्धीबद्दल मला आदर आहे. त्याला यात विनोद दिसलाच नसेल तर आदर दुप्पट आहे. १६६१ साली इंग्रजांची राजापूरची वखार लुटून वखारवाल्यांना ज्यांनी कैदेत घातलं, त्यांचंच नाव इंग्रजांनी आपल्या राजाच्या जहाजाला द्यायचं, आणि तेही ऐन मावळात, जिथल्या पोरांना घेऊन महाराजांनी राज्य उभं केलं, तिथे. इतिहासाला कधी कधी स्वतःची गंमत करायची लहर येते, आणि त्यासाठी तो सरकारी कागद वापरतो.

शाळेत आम्हाला ही अडीच वर्षं कुणी शिकवली नाहीत. पुस्तकात १५ ऑगस्टनंतर एकदम २६ जानेवारीच यायची. प्रत्यक्षात मधल्या काळात आपण ‘डोमिनियन’ होतो. पंतप्रधान आपला, झेंडा आपला, गादीवर सहावा जॉर्ज. दिल्लीत त्याचे प्रतिनिधी म्हणून आधी माउंटबॅटन आणि जून १९४८ पासून चक्रवर्ती राजगोपालाचारी. नौदलही ‘रॉयल’च. बाजारात चिक्की घ्यायला जे आणे खिशातून निघत त्यांवर मुकुट घातलेला जॉर्ज होता. अशोकस्तंभाची नाणी यायला १५ ऑगस्ट १९५० उजाडावा लागला. हा जॉर्ज सम्राट असताना हिंदुस्थानात एकदाही आला नाही, त्यामुळे आपण लोणावळ्यातल्या कुठल्या जहाजाचे मालक आहोत हे त्याला ठाऊक असण्याची शक्यता कमीच.

त्याचीही ओढाताण झालीच. ‘हिंदुस्थानचा सम्राट’ ही पदवी त्यानं रीतसर सोडली २२ जून १९४८ला. पण सहीतलं सम्राटपदाचं अक्षर ऑगस्ट ४७मध्येच गळालं होतं, आणि तसलं पहिलं पत्र हाती पडल्यावर त्याच्या आईनं, मेरी राणीनं, पाकिटावर आपल्याला वाईट वाटल्याची नोंद करून ठेवली. इकडे पंजाब पेटलेला, आणि तिकडे एका म्हातारीला एका अक्षराची हळहळ. तरी मला तिचा राग येत नाही. पोराची पगारवाढ अडली तरी आईचा जीव खालीवर होतो. इथे तर बादशाही गेली होती.

पुढे प्रजासत्ताक व्हायची वेळ आली तेव्हा एप्रिल १९४९मध्ये लंडनला एक तोड निघाली. राष्ट्रकुलात राहायचं, राजाला आपला राजा मानायचं नाही, पण राष्ट्रकुलाचा प्रमुख म्हणून मानायचं. दिल्लीच्या आणि लंडनच्या मुत्सद्द्यांना ही फार नाजूक घटनात्मक युक्ती वाटली. मावळात कुणाला विचारलं असतं तर त्यानं ती पाच मिनिटांत सांगितली असती. आमच्याकडे भाऊबंदकी कोर्टापर्यंत जाते, बांधावरून डोकी फुटतात, वर्षानुवर्षं बोलणं नसतं. पण लग्नातला आहेर बंद होत नाही. मांडवाच्या दाराशी एकजण वही घेऊन बसलेला असतो. आला आहेर तो लिहितो, शेजारचा कर्ण्यावरून पुकारतो. ती वही नंतर पत्र्याच्या ट्रंकेत जाते, आणि समोरच्याच्या घरी कार्य निघालं की बाहेर येते. त्यानं काय दिलं होतं ते बघून आपण काय द्यायचं ते ठरतं. मनात प्रेम आहे की नाही, हा प्रश्न त्या वहीत कुठे विचारलेला नसतो.

इंग्लंडचं राजघराणं आणि आपण यांच्यातलं आजवर जे काही उरलंय ते गुलामीचा अवशेष म्हणून बघणारे लोक आहेत, आणि जुन्या शिस्तीची आठवण म्हणून उसासे टाकणारेही आहेत. मला ती आहेराची वही वाटते, आणि तिच्यातली पहिली नोंद इंग्रजांच्या नावावर आहे.

६ जून १६७४, रायगड. राज्याभिषेकाला मुंबईहून कंपनीचा वकील आला होता, हेन्री ऑक्झिंडेन. गर्दीत लांबच उभा राहून त्यानं लवून मुजरा केला, आणि महाराजांना दिसावी म्हणून दुभाष्या नारायण शेणव्यानं नजराण्याची हिऱ्याची अंगठी वर धरली. महाराजांचं लक्ष गेलं, त्यांनी जवळ बोलावलं, वस्त्रं दिली आणि निरोप दिला. व्यापाराचा तहही झाला. अंगठीच्या बदल्यात वस्त्रं आली, तेव्हा हिशेब तिथेच मिटला असं कुणाला वाटेल. ज्यानं लग्नकार्य निभावलंय त्याला ठाऊक असतं, आहेर फिटत नाही, फिरतो.

शंभर वर्षांनी याच लोकांनी आमच्या दारात भांडण आणलं. राघोबादादांना पेशवाईवर बसवून द्यायला म्हणून १७७८च्या अखेरीस कंपनीची फौज मुंबईहून निघाली आणि बोरघाट चढून खंडाळ्याला आली. चार हजारांच्या आतबाहेर शिपाई आणि एकोणीस हजार बैल. बैलांचा आकडा मला फार आवडतो. पुण्याचं राज्य घ्यायला निघालेली ही फौज आठ मैल जायला अकरा दिवस घेत होती. शनिवारी सकाळी घाट चढलेल्या कुठल्याही मोटारवाल्याला याचं नवल वाटणार नाही.

वाटेत, ४ जानेवारी १७७९ला, कार्ल्याजवळ कॅप्टन जेम्स स्टुअर्ट तोफेचा गोळा लागून पडला. आघाडीवर तोच होता, आणि त्याची धडाडी पाहून मराठ्यांनी त्याला ‘इष्टुर फाकडा’ करून टाकलं होतं. फाकडा ही साधी पदवी नव्हे. आमच्या मानाजी शिंद्यांना ती होती. समोरून गोळ्या घालणाऱ्याला आपल्याकडची मानाची उपाधी द्यायची आणि मग त्याला तोफेनं उडवायचं, यात मावळ्यांना काही विसंगत वाटलं नाही.

पुढची गोष्ट वेगानं सरकते. फौज तळेगावला पोहोचली तर गाव रिकामं, धान्य-वैरण जाळलेली. पुणं वीसेक मैलांवर राहिलं असताना साहेबांनी माघारीचा निर्णय घेतला, जड तोफा तळ्यात टाकल्या आणि रात्रीच्या अंधारात परत फिरले. महादजी शिंद्यांनी वडगावला गाठलं. जानेवारीच्या मध्याला वडगावचा तह झाला, म्हणजे कंपनीनं शरणागती लिहून दिली. जगाच्या नकाशाचा एवढा भाग पुढे लाल रंगवणाऱ्यांनी मावळच्या तालुक्याच्या गावी हात टेकले होते, ही बातमी आमच्याकडची पोरं इतक्या सहज सांगतात, जणू गेल्या आठवड्यात सामना झाला. वॉरन हेस्टिंग्जनं हा तह मानायलाच नकार दिला हे मात्र ती सांगत नाहीत.

वडगावात महादजींचं स्मारक आहे. आणि तिथेच, सरकारी आवारात, इष्टुर फाकड्याची समाधी म्हणून दाखवतात. हरलेल्या फौजेतल्या परक्या कप्तानाची आठवण जिंकलेल्यांनी राखून ठेवली. त्याच्याच देशाच्या ग्रँट डफनं मराठ्यांचा इतिहास लिहिला तेव्हा हे मराठी नाव आवर्जून नोंदवलं. डफला यात स्टुअर्टचं शौर्य दिसलं असणार. मला आमच्या लोकांचा हिशेबीपणा दिसतो: पाहुणा भांडायला आला होता खरा, पण आला होता, आणि मांडवात गेला. नोंद करायला हवी.

वहीत सगळंच आलेलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. बोरघाटातली रेल्वे १८५६ ते १८६३ या काळात झाली. एका वेळी चाळीस हजारांहून जास्त माणसं त्या कड्यांवर काम करत होती. दोरानं बांधून घेऊन लटकत सुरुंग ठासणारी, पटकीनं मरणारी. एप्रिल १८६३मध्ये गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या हस्ते उद्घाटन झालं, भाषणं झाली. सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार कामावर येताच आजारानं गेला आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिनं कंत्राट पुढे चालवलं, हे पुस्तकांत आहे, आणि असायलाच हवं. बाई जिद्दीची होती. पण त्या हजारो मेलेल्यांपैकी एकाचंही नाव मला कुठे वाचायला मिळालेलं नाही. गाडी मंकी हिलपाशी हळू होते तेव्हा प्रवासी खिडकीतून धबधब्याचे फोटो काढतात, मीही काढतो.

घाटाच्या तोंडावर पुढे आलं की दिसतो तो नागफणीचा सुळका. इंग्रजांनी त्याला ‘ड्यूक्स नोज’ म्हटलं, कारण त्यांना त्यात ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं नाक दिसलं. हे गृहस्थ १८०३च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या बाजीरावाला गादीवर बसवायला पुण्यात आले तेव्हा नुसते मेजर जनरल वेलस्ली होते. ड्यूक व्हायला अजून अकरा वर्षं होती. नाक मात्र तेव्हाही होतं, आणि त्यांचे शिपाई पाठीमागे त्या नाकावरूनच त्यांचा उल्लेख करत. नेपोलियनला हरवणाऱ्या माणसाचं जगात कुठे काय काय आहे! लंडनमध्ये कमान आहे, न्यूझीलंडची राजधानी आहे. आमच्याकडे नाक आहे. नाकाच्या शेंड्यावर शंकराचं छोटं देऊळ आहे. पायथ्याच्या कुरवंड्यातल्या माणसाला ड्यूक कोण हे माहीत असतंच असं नाही, पण मुंबईची ट्रेकर मंडळी आली की ‘ड्यूक्स नोज’ला इकडून, असं तोच सांगतो. गिऱ्हाइकाला जे नाव कळतं ते आपण वापरावं, एवढा व्यवहार त्याला कळतो. १६६१च्या फेब्रुवारीत याच कुरवंड्याच्या घाटानं कारतलबखान खाली उतरला आणि उंबरखिंडीत महाराजांनी त्याला कोंडला. म्हणजे या नाकाखालून बरंच काही घडून गेलंय. शिवाय कुरवंड्याकडे जाणारा रस्ता त्या ‘जहाजा’वरूनच जातो, तेव्हा ड्यूक आणि छत्रपती इथे शेजारी आहेत, आणि शेजाऱ्यांमध्ये आजवर काही तंटा ऐकिवात नाही.

जुन्या खुणा काढून टाकायच्या हौसेबद्दल हल्ली बरंच बोललं जातं. घाटातला कंपनीच्या काळातला १८३० सालचा पूल एप्रिल २०२०मध्ये, टाळेबंदीत रस्ता ओस पडल्याची संधी साधून, सुरुंगानं उडवला. तो साम्राज्याची निशाणी म्हणून गेला नाही. त्याचे खांब एक्स्प्रेसवेच्या वाहतुकीला आड येत होते म्हणून गेला. त्याला आम्ही कुणी गव्हर्नरच्या नावानं ओळखतही नव्हतो. त्यावर कधीकाळी डोकेदुखीच्या बामची जाहिरात होती, म्हणून तो अमृतांजन पूल. गव्हर्नर माल्कम साहेबांनी घाटाचा रस्ता बांधून मानवजातीवर केलेले उपकार बामच्या डबीत मावले.

राणीचंच बघा. १ जून १९३० रोजी जीआयपी रेल्वेनं कल्याण-पुणे अशी एक दिमाखदार गाडी सुरू केली, एका रेकला चंदेरी रंग, दुसऱ्याला निळा. डेक्कन क्वीन. सुरुवातीला तिच्यात तिसरा वर्ग नव्हता, म्हणजे आपण नव्हतोच. आज तीच गाडी रोज सकाळी पुण्याहून पासधारकांनी गच्च भरून निघते, लोणावळ्याला क्षणभर थांबते, घाट उतरते आणि मुंबईत व्हिक्टोरियाचं नाव काढून छत्रपतींचं दिलेल्या स्टेशनात शिरते. दख्खनची राणी रोज छत्रपतींच्या दरबारी रुजू होते आणि संध्याकाळी माहेरी परत येते. दरवर्षी १ जूनला पुणे स्टेशनात तिचा वाढदिवस होतो, हार घालतात, केक कापतात. ज्या देशानं राणीचं राज्य घालवलं तिथली शहाणीसुरती माणसं पहाटे आंघोळ करून एका राणीच्या वाढदिवसाला जमतात, आणि यातल्या एकालाही इंग्लंड आठवत नाही. संपूर्ण स्वातंत्र्य ते हेच असावं.

तर वही. १९२१च्या नोव्हेंबरमध्ये प्रिन्स ऑफ वेल्स आला. मुंबईत त्याच्या आगमनाच्या दिवशी बहिष्कार, परदेशी कापडाची होळी आणि दंगल. दोन दिवसांनी तो पुण्यात, आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या पुढाकारानं त्याच्या हस्ते बसला तो शिवस्मारकाचा पायाचा दगड. ज्यांच्या राज्याभिषेकाला यांच्या वकिलानं लांबून मुजरा केला होता त्यांच्या पुतळ्याला यांच्या युवराजाचा हात लागला. ही नोंद कुठल्या बाजूला लिहायची यावर पुण्यात तेव्हाही वाद झाला असेल आणि आजही होईल. पुण्याला वादासाठी नोंद लागतेच असंही नाही.

आणि मग डबेवाले. हा अध्याय माझ्या आवडीचा, कारण तो अस्सल इथला आहे. मुंबईत १८९०च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या धंद्यात मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर इथलीच माणसं. पांढरी टोपी, गळ्यात माळ, पंढरीची वारी, आणि गावच्या जत्रेला सगळ्या मुंबईचा डबा बंद. नोव्हेंबर २००३मध्ये युवराज चार्ल्स मुंबईत आला तेव्हा त्याला यांना भेटायचं होतं. भेट चर्चगेटला झाली, डबे उतरतात तिथेच. वेळ ठरली ती डब्यांच्या सोयीनं, असं डबेवाले अजून अभिमानानं सांगतात. मला त्यात काही अतिशयोक्ती वाटत नाही. दुपारी साडेबारापर्यंत डबा टेबलावर पोहोचला पाहिजे हा कायदा युवराजासाठी बदलला तर उद्या कुणासाठीही बदलेल.

२००५मध्ये त्याचं दुसरं लग्न ठरलं आणि दोन डबेवाल्यांना आवतण आलं. गडी विमानानं विंडसरला गेले. लग्न ८ एप्रिलला होतं. पोपचा अंत्यविधी त्याच दिवशी आला म्हणून एक दिवस पुढे गेलं. इंग्लंडच्या वर्तमानपत्रांनी याचा केवढा गवगवा केला. मावळात कुणाला काही वाटलं नाही. सुतकात लग्न करतं का कुणी? आहेर गेला नवरीला नऊवारी आणि नवरदेवाला पागोटं. पुढे त्याच्या धाकट्या मुलाच्या लग्नाला पैठणी गेली. आणि ६ मे २०२३ रोजी चार्ल्सचा राज्याभिषेक झाला तेव्हा डबेवाल्यांनी पुणेरी पगडी आणि वारकऱ्यांचं उपरणं घेतलं. ऑक्झिंडेनच्या अंगठीनंतर ३४९ वर्षांनी मावळ्यांनी इंग्लंडच्या राजाच्या राज्याभिषेकाला वस्त्रं धाडली. एवढी जुनी वही दुसऱ्या कुठल्या घरात सापडायची नाही.

त्याआधीचा २०२२चा सप्टेंबर तर कुणी कथानकात घातला असता तर संपादकानं जुळवाजुळव म्हणून परत पाठवला असता. २ तारखेला कोचीला नौदलाचा नवा ध्वज फडकला. जुन्या ध्वजावरचा सेंट जॉर्जचा तांबडा क्रूस गेला आणि महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. हा क्रूस २००१मध्येही एकदा काढला होता, पण नव्या ध्वजावरचं निळं चिन्ह आकाशात आणि समुद्रात मिसळून जातं, लांबून दिसतच नाही, अशी तक्रार आली आणि २००४मध्ये तो परत आला. साम्राज्य गेलं तरी त्याचा रंग उठून दिसतो, ही अडचण खरी आहे. तर २ तारखेला क्रूस गेला. ८ तारखेच्या संध्याकाळी दिल्लीत राजपथाचा कर्तव्यपथ झाला, आणि त्याच संध्याकाळी तिकडे एलिझाबेथ राणी गेली. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. आणि ११ तारखेला, रविवारी, भारत सरकारनं राणीसाठी एक दिवसाचा दुखवटा पाळला, ध्वज अर्ध्यावर. ज्या आठवड्यात आपण राजेशाहीच्या खुणा पुसत होतो त्याच आठवड्यात सुतकही धरलं, आणि दोन्ही मनापासून.

एका तरुण प्राध्यापकबाईंनी मला यावर सुनावलं होतं. “काका, हा न्यूनगंड आहे. अजून राजाला पगड्या काय पाठवता?” बार्बाडोसनं २०२१मध्ये राणीला मोकळं केलं, तिथल्या लोकांनी आपल्यासारखे लाड केले नाहीत, असंही त्या म्हणाल्या. (त्या समारंभाला चार्ल्स स्वतः हजर होता. काडीमोडालाही पाहुणा म्हणून जाणारा माणूस. अशाला वहीतून काढायचं कसं?) मला धड उत्तर सुचलं नाही, तेव्हा मी तो प्रश्न घेऊन तात्यांकडे गेलो. तात्या पवनमावळातले, उमेदीची सगळी वर्षं अंधेरीच्या लाइनीवर डबे वाहून आता गावी असतात, इंद्रायणी तांदळाचं थोडं शेत आणि भरपूर मतं बाळगून. विंडसरला गेलेल्या दोघांत ते नव्हते, याचं त्यांना फारसं दुःख नाही. त्या आठवड्यात डबे कुणीतरी उचलायला हवेच होते.

“न्यूनगंड म्हंजी?” तात्यांनी विचारलं. मी समजावलं. त्यांनी तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं.

“मास्तर, तो आमच्याकडं आला व्हता. आमी न्हाई गेलो त्याच्याकडं आदी. दाराशी आला, चवकशी केली, डबा कसा जातो, खुणा कशा वाचता. मग लग्नाचं आवतण धाडलं. आवतण आलं की आहेर करावा लागतो. त्यात राजा काय अन् रंक काय?”

“पण तो त्या घराण्यातला. दीडशे वर्षं राज्य केलं त्यांनी आपल्यावर.”

“ते भांडण हायेच की. ते कुटं सोडलंय?” तात्यांनी मान वडगावच्या दिशेला वळवली. “भांडणाचं भांडणात, आहेराचा आहेरात.”

प्राध्यापकबाईंना हे सांगायला हवं होतं, पण त्या तोवर पीएचडीसाठी लंडनला गेल्या होत्या.

तात्यांचा नातू तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत जेसीबीच्या कारखान्यात आहे. कंपनी मूळची इंग्लंडची. तिचं पिवळं यंत्र मावळात आता खोदकामाइतकंच मिरवणुकीतही लागतं. आमदार-खासदार गावात आले की वरून फुलांची पोती रिकामी करायला. राजेशाही कुठे शिल्लक आहे हे शोधायला बकिंगहॅमपर्यंत जायची गरज नाही, असं मला ते दृश्य बघून वाटतं, पण त्या यंत्रावर नातवाची भाकरी आहे, म्हणून तात्यांसमोर बोललो नाही.

“पुढचं कार्य कधी त्यांच्याकडं?” तात्यांनी विचारलं.

मी म्हटलं, आता थोरल्या विल्यमचा मुलगा. २०१३चा जन्म त्याचा.

तात्यांनी बोटांवर मोजलं. “म्हंजी अजून चिक्कार येळ हाये. मी न्हाई त्या वक्ताला. पर नातवाला सांगून ठेवलंय.”

“काय द्यायचं ठरवलंय?”

“द्यायाचं? लुगडं झालं, पागोटं झालं, पैठणी झाली, पगडी झाली. आता त्यांची पाळी.”

मला वाटलं, त्यांना वाघनखांचं माहीत नसावं. मी सांगितलं, की असं काही नाही, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखं आली की, २०२४च्या जुलैत, साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली होती. ग्रँट डफ साताऱ्याला होता तेव्हा त्याला मिळालेली, असं त्यांचं म्हणणं. महाराजांचीच का, यावर अभ्यासकांत वाद आहेत, ते संग्रहालयही तसं छातीठोक सांगत नाही, पण आली तर खरी.

“बघून आलो मी,” तात्या म्हणाले. “यष्टीनं गेलतो साताऱ्याला. तीन वर्साच्या बोलीवर दिल्यात त्यांनी, मग परत न्यायच्या. तसं लिवलंय कागदावर, पोरानं वाचून दावलं.” त्यांनी तंबाखूची चिमूट ओठात सरकवली. “आहेर दिलेला कुणी परत नेतं का, मास्तर? ती उसनवारी झाली. उसनवारीची वही येगळी आसती.”